जोडताऱ्यातली निरंतर लहर शोधताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्यातल्या कॉलेजात बसूनही लायगो या गुरुत्वीय लहरींच्या शोधकाचा खुला डेटा उतरवून स्कॉर्पियस एक्स-१ या जोडताऱ्यातल्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतल्या) न्यूट्रॉन ताऱ्याच्या, म्हणजे अतिशय दाट मृत ताऱ्याच्या, निरंतर गुरुत्वीय लहरीचा (अवकाशाच्या अखंड येणाऱ्या सूक्ष्म थरथरीचा) शोध घेता येतो. हा शोध फसतो तो बहुतेकदा वेळेच्या हिशेबात.

सगळ्यात महागात पडते ती एसएफटीच्या, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे करून प्रत्येकातल्या वारंवारता वेगळ्या काढतात त्या तुकड्यांच्या, लांबीची चूक. एकट्या ताऱ्यासाठी १८०० सेकंदांचे तुकडे चालतात, म्हणून इथेही तेच घेतले जातात. भुसावळला फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी समोरून गेली की शिटीचा सूर झपकन उतरतो. कक्षेत फिरणाऱ्या ताऱ्याची वारंवारता तशीच सतत सरकते. या सरकण्याचा सर्वाधिक वेग असा काढा: वारंवारता गुणिले प्रक्षेपित अर्धअक्ष (आपल्या दृष्टिरेषेत दिसणारा कक्षेचा आकार, प्रकाश-सेकंदांत) गुणिले (६.२८३ भागिले कक्षाकाल) याचा वर्ग. ५०० हर्ट्झ, २ प्रकाश-सेकंद आणि ६८,०२४ सेकंद घातले, तर १८०० सेकंदांत सूर ०.०१५ हर्ट्झ सरकतो. रकाना (वारंवारतेचा एक कप्पा, रुंदी १ भागिले तुकड्याची लांबी) मात्र ०.०००५६ हर्ट्झचा, म्हणजे लहर सत्तावीस रकान्यांत विरते. सरकणं अर्ध्या रकान्यात ठेवायचं तर तुकडा सुमारे २४० सेकंदांचा हवा. त्यातही या ताऱ्याचा अर्धअक्ष १.४५ ते ३.२५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. वरच्या टोकाला धरून चाला, तुकडा १९० सेकंदांवर येतो. आणि उगाच ६० वर नेऊ नका, रकाने रुंदावून शेजारचा गोंगाट आत शिरतो.

दुसरी चूक कक्षेच्या घड्याळाची. दुर्बिणीच्या निरीक्षणांत शून्य कला (फेरी मोजायला सुरुवात करण्याची वेळ) बहुधा सोबती तारा आपल्या बाजूला असतानाची धरतात. आपल्याला लागतो न्यूट्रॉन ताऱ्याचा आरोही पात, म्हणजे तो आपल्यापासून सर्वाधिक वेगाने दूर जात असतानाचा क्षण, तो पाव कक्षाकाल आधी येतो. म्हणजे १७,००६ सेकंद वजा करा. ती वेळ लायगोचा डेटा वापरतो त्या जीपीएस वेळेत बदलताना २०१७ पासूनचा यूटीसीशी १८ सेकंदांचा फरकही धरा. कक्षाकालातली ०.०४ सेकंदांची अनिश्चितता वर्षाच्या सुमारे ४६४ फेऱ्यांत सुमारे १९ सेकंदांवर जाते, त्यामुळे जुनी वेळ जशीच्या तशी वापरू नका.

पल्सारच्या (ठरावीक ठोक्याने स्पंदनं देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या) माहितीच्या पार फाइलमध्ये कक्षाकाल दिवसांत असतो, पायएफस्टॅट या शोधाच्या पायथन साधनाला सेकंदांत लागतो. शिवाय लहर फिरण्याच्या दुप्पट वारंवारतेला शोधायची: जे०४३७-४७१५ हा पल्सार सेकंदाला १७३.७ फेऱ्यांनी, म्हणजे १७३.७ हर्ट्झने फिरतो, तर शोध ३४७.४ हर्ट्झला.

खऱ्या डेटाला हात लावण्याआधी ओळखीच्या आकड्यांची खोटी लहर मिसळा आणि ती परत सापडते का ते पाहा. सापडली नाही, तर चूक बहुधा वरच्यांपैकीच कुठेतरी आहे.

उमेदवार, म्हणजे लहर वाटणारा संकेत, सापडला की आधी रेषा (यंत्रातून येणारे ठरावीक वारंवारतेचे सूर) तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, पण लायगो अमेरिकेत आहे. तिथे ६० हर्ट्झ आणि तिच्या पटी बघायच्या. ५० हर्ट्झ विर्गो या इटलीतल्या शोधकाला. ५०० हर्ट्झच्या आसपास आरशांच्या टांगणीच्या तारांचे सूर असतात. उमेदवार एकाच शोधकात ठळक असेल, किंवा कक्षेची दुरुस्ती काढल्यावर आणखी उठून दिसत असेल, तर तो सोडून द्या.