हब मोटर बसवली आणि गिअर रुसले

सायकलला मागच्या चाकाची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच असणारी विजेची मोटर, बसवली, मोटर पहिल्याच झटक्यात फिरली आणि मी खूश. पण पेडल मारलं की चेन मधल्या गिअरवर खडखडायची, मध्येच उडी मारायची. दोन संध्याकाळी डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केबल कस, सैल कर, यातच गेल्या. पहिला गिअर जमला की पाचवा बिघडायचा.

शेवटी चूक सापडली ती भलतीकडेच. जुन्या चाकावर ९ गिअरची कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा चक्रांचा संच) होती. मोटरच्या हबवर मात्र आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, ७ गिअरचं. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) जुनाच, ९ चा! तो एका क्लिकला चेन साधारण ४.३५ मिमी सरकवतो, तर ७ च्या फ्रीव्हीलमध्ये दोन चक्रांतलं अंतर ५ मिमी. तीन गिअर बदलले की जवळपास २ मिमीची तफावत. केबल कितीही ओढा, ती भरून कशी निघणार? ७ चा शिफ्टर लावला, चेनही ७-८ गिअरची घेतली. डिरेलर जुनाच चालला.

तरी सगळ्यात लहान चक्रावर चेन फ्रेमला घासतच होती; रंग खरवडून लोखंड दिसायला लागलं होतं. अॅक्सलवर (चाकाच्या आसावर), चेनच्या बाजूने, फ्रेमच्या आत २ मिमीचा वॉशर टाकला. चाक किंचित डावीकडे सरकलं, म्हणून ब्रेक पुन्हा जुळवला आणि डिरेलरचे लिमिट स्क्रूही (चेन कडेच्या चक्रापलीकडे जाऊ न देणारे). टॉर्क आर्म (अॅक्सलला फ्रेमशी जखडणारी पट्टी) काढला होता तो आठवणीने परत लावला. नाहीतर मोटरच्या जोराने अॅक्सल खाचेतच फिरतो आणि वायर पिळवटते.

आता फक्त चढावर गिअर बदलताना पेडलवरचा जोर कमी करतो.