बायपासनंतर सॅचुरेशन पडतंय? ‘पंप लंग’ लिहायच्या आधी एवढं बघा

रात्रीचे अडीच, दुपारीच सीएबीजी (हृदयाची बायपास सर्जरी) झालेली पेशंट, एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ६० टक्के देऊनही सॅचुरेशन ९१ च्या वर जात नाही, सिस्टर दोनदा हाक मारून गेल्या. अशा वेळी नवीन रेसिडेंट नोट्समध्ये ‘पंप लंग’ लिहून मोकळा होतो. मीपण लिहायचो. एकदा असाच एक्स-रे यायच्या आधी निदान ठरवून दोन तास पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुस उघडं ठेवणारं व्हेंटिलेटरचं प्रेशर) वाढवत बसलो आणि नंतर कळलं की श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुफ्फुसाच्या नळीत) सरकलेली, डावं फुफ्फुस अख्खं बंद. ट्यूब दोन सेंटीमीटर मागे घेतली आणि पाच मिनिटांत सॅचुरेशन ९८. सर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं.

तर पंप लंग म्हणजे काय ते आधी पटकन. हार्ट-लंग मशीनवर रक्त नळ्यांतून, ऑक्सिजनेटरमधून फिरतं, शरीराला ते सगळं परकं, त्यामुळे कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) जागं होतं, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) चवताळतात आणि फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकून एन्झाइम सोडत बसतात, मग भिंती गळक्या होऊन पाणी अल्व्हिओलायमध्ये (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत) उतरतं. त्यात महाधमनीला क्लॅम्प असेपर्यंत फुफ्फुसाला जवळजवळ फक्त ब्रॉन्कियल आर्टरीचं (श्वासनलिकांच्या बारीक धमन्यांचं) रक्त, आणि बऱ्याच ठिकाणी व्हेंटिलेशनही बंद ठेवतात म्हणजे फुफ्फुस पिचकलेलं. अमेरिकन सर्जन जॉन गिबननी ६ मे १९५३ ला या मशीनवर पहिली यशस्वी केस केली तेव्हा पेशंट पूर्णपणे मशीनवर २६ मिनिटं होती, आज व्हॉल्व आणि बायपास एकत्र असेल तर पंप टाइम दोन-अडीच तास सहज होतो. थोडा मार प्रत्येकालाच बसतो, पण खरं एआरडीएस (दोन्ही फुफ्फुसांत सूज येऊन पाणी भरणं, पंप लंगचं गंभीर रूप) शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होतं. म्हणूनच म्हणतो, दुसरं काहीतरी असण्याची शक्यता कायम जास्त.

आता तपासायचं कसं. आधी हात आणि कान. ट्यूब कितीवर फिक्स आहे, दोन्हीकडे एअर एन्ट्री सारखी आहे का, सक्शन करून बघा, प्लग निघतो कधीकधी. मग ड्रेन, म्हणजे छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी. चांगला वाहणारा ड्रेन अचानक थांबला तर खुश होऊ नका, क्लॉट अडकून रक्त आत साचत असेल, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून ते दबणं) नाहीतर हिमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती रक्त). न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा) पण इथेच बघायचा. अल्ट्रासाउंडचा प्रोब बेडसाइडला असेल तर एक्स-रेची वाट कशाला बघायची. लिमा (बायपाससाठी वापरतात ती छातीतली डावी धमनी) काढलेल्या पेशंटचा डावा खालचा लोब कोलॅप्स असणं आणि डावीकडे थोडं पाणी असणं हे इतकं कॉमन आहे की ते नसेल तरच मला आश्चर्य वाटतं. डावा डायफ्रॅम हलतच नसेल तर फ्रेनिक नर्व्हचा (डायफ्रॅम हलवणाऱ्या नर्व्हचा) विचार करा.

नंतर हार्ट. एको केल्याशिवाय पुढे जायचं नाही, एलव्ही (डावा खालचा कप्पा) ढिलं आहे का, मायट्रल व्हॉल्व गळतोय का, आरव्ही (उजवा खालचा कप्पा) फुगलाय का. पीए कॅथेटर (फुफ्फुसाच्या धमनीत, म्हणजे पीएमध्ये, घातलेली नळी) असेल तर वेज (त्यावर कळणारं हृदयाच्या डाव्या बाजूचं प्रेशर) १८ च्या वर आहे म्हणजे पाणी बहुतेक हार्टमुळे. आणि रक्ताच्या पिशव्यांची वेळ बघायला लोक हमखास विसरतात: एफएफपी (प्लाझ्मा) किंवा प्लेटलेट दिल्यापासून सहा तासांच्या आत बिघडला असेल तर ट्राली (रक्त दिल्यामुळे फुफ्फुसाला होणारी इजा) असू शकतं, पिशवी थांबवा आणि ब्लड बँकेला कळवा. दोन-तीन दिवसांनी ताप आणि घाण सिक्रिशन आले तर न्यूमोनिया, तो वेगळा विषय.

एवढं सगळं बघून झालं, एक्स-रेत दोन्ही बाजूला पांढरं, पीप ५ किंवा जास्त आणि पी/एफ (पीएओटू म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, भागिले एफआयओटू) ३०० च्या खाली, तर मग एआरडीएस म्हणा. वरच्या पेशंटचा पीएओटू ७२ आला असेल तर ७२ भागिले ०.६ म्हणजे १२०. मॉडरेट.

व्हेंटिलेटर सेट करताना वजन काट्यावरचं घेऊ नका, उंचीवरचं घ्या. बाई ७८ किलोच्या, पण उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे हिशोबाचं वजन साधारण ५२ किलो, किलोमागे ६ मिली प्रमाणे टायडल व्हॉल्युम (एका श्वासाची हवा) ३१५ मिलीच्या आसपास. कोणीतरी ७८ धरून ८ मिली दिलं तर ६२४, सरळ दुप्पट! प्लॅटो (श्वास भरून थांबल्यावरचं प्रेशर) ३० च्या आत, ड्रायव्हिंग प्रेशर (प्लॅटो वजा पीप) १५ च्या आत. पीप एकदम नाही, दोन-दोनने वाढवा आणि प्रत्येक वेळी बीपीकडे नजर, कारण पंपावरून नुकतं उतरलेलं आरव्ही रुसलेलं असतं आणि जास्त पीपने अजून दबतं. सीओटू थोडा वाढला तरी चालतं असं पुस्तकात असतं, पण आपल्याकडे रुमॅटिक मायट्रलचे, आधीच पीए प्रेशर चढलेले पेशंट भरपूर, त्यांच्यात अॅसिडोसिस झाला की आरव्ही आधी बसतं. तिथे ढील देऊ नका.

शॉक आटोक्यात आला की फ्युरोसेमाइड देऊन पाणी काढायला लागा, बॅलन्स निगेटिव्ह ठेवा, मात्र क्रिएटिनिन आणि युरीनवर लक्ष ठेवून. हिमोग्लोबिन जरा कमी दिसलं म्हणून पिशवी लावायची सवय सोडा. स्टेरॉईडचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पंपावर जाताना मिथाइलप्रेड (एक स्टेरॉईड) देण्याची सर्स नावाची ट्रायल २०१५ साली आली, साडेसात हजार पेशंट, मृत्यू कमी झाले नाहीत. श्वासातून दिलेल्या नायट्रिक ऑक्साइडने आकडे काही काळ छान दिसतात, आरव्हीला मदत होते, त्यापलीकडे फार अपेक्षा नको.

पी/एफ १५० च्या खालीच अडकला तर प्रोन, म्हणजे पालथं झोपवणं, किमान १६ तास. स्टर्नम (छातीचं मधलं हाड) नुकताच कापलाय म्हणून सगळे घाबरतात, पण हाड जोडणाऱ्या वायर नीट बसल्या असतील आणि सर्जननी हो म्हटलं तर करता येतं. छातीखाली उशा, पेसिंग वायर आणि ड्रेन धरायला एक माणूस वेगळा, ट्यूबला एक वेगळा. छाती उघडी ठेवली असेल किंवा स्टर्नम हलत असेल तर विषय संपला. हे सगळं करून पी/एफ ८० च्या खाली सहा तास किंवा ५० च्या खाली तीन तास राहिला तर एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं मशीन), पण फोन त्या तासांची वाट न बघता आधीच करा. हार्ट चांगलं असेल तर व्हीव्ही (फक्त फुफ्फुसाचं काम करणारं), हार्टही गेलं असेल तर व्हीए (हार्टलाही आधार देणारं).

ट्यूब निघाल्यावर हाय फ्लो ऑक्सिजन किंवा बायपॅप (मास्कमधून प्रेशरने हवा), आणि दुखणं नीट कमी करा, छाती दुखत असताना कोण खोल श्वास घेणार? स्पायरोमीटर हातात दिला की दहातले सात पेशंट त्यात फुंकतात, आणि नातेवाईक शेजारी बसून ‘अजून जोरात फुंका’ म्हणतात. ते तीन बॉल ओढून वर उचलायचे असतात, एकदा स्वतः करून दाखवा, दर तासाला दहा वेळा, जागं असताना.