रोज ऑफिस, रविवारी ऑटोक्रॉस: एकाच गाडीसाठी टायर आणि रिम कशा निवडाव्यात

आधी साधा हिशेब मांडू. ऑटोक्रॉस म्हणजे शंकू मांडून आखलेल्या वाटेवर एकेका गाडीने घड्याळाशी लावलेली शर्यत. वर्षात ती किती वेळा करणार? फार तर सहा वेळा. दर वेळी नारिंगी शंकूंमधून चार फेऱ्या, एकेक मिनिटाच्या. म्हणजे वर्षाकाठी चोवीस मिनिटं. बाकीचे सगळे दिवस तीच गाडी हिंजवडीच्या रांगेत, खड्ड्यांतून आणि भर पावसात चालणार. टायर निवडताना ही चोवीस मिनिटं डोक्यात ठेवायची, पण डोक्यावर बसू द्यायची नाहीत.

मी नेमकं उलटं केलं होतं. स्विफ्टला आधी सतरा इंची चकचकीत अलॉय घेतली आणि उरलेल्या पैशांत मिळाले ते टायर चढवले. गाडी दिसायला झकास. स्पर्धेत वेळ तसूभरही सुधारली नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका खड्ड्यात रिम वाकली आणि त्याच टायरला फुगा आला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: पहिला खर्च टायरवर, दुसरा अलाइनमेंटवर, आणि पैसे उरले तरच रिमवर.

१. माती की डांबर, ते आधी विचारा

परदेशातले व्हिडिओ पाहून ऑटोक्रॉस म्हणजे विमानतळासारखं गुळगुळीत डांबर, असा समज होतो. आपल्याकडे पुष्कळ ऑटोक्रॉस मातीवर होतात आणि मातीचं गणितच वेगळं आहे. डांबरावर थोडा रुंद, कडक बाजूंचा टायर हवा. सुट्या मातीवर अरुंद टायर वरचा भुगा कापून खालच्या घट्ट थराला पकडतो, आणि दगड लागला तर जाड बाजूच रिमला वाचवते. ज्या स्पर्धेत उतरणार तिचं नियमपत्रक मागवा. एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या नियमांखाली होणाऱ्या स्पर्धेत गट कोणता आणि त्यात कुठले टायर चालतात, हे त्यात सापडेल. ते वाचण्याआधी पाकिटाला हात लावू नका.

२. गाडीची मापं लिहून काढा

उदाहरणाला २०१८ सालची स्विफ्ट घेऊ. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५, खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. वर-खाली मिळून २४०, त्यात पंधरा इंचांचे ३८१ मिळवले की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२१ येतो. १४ इंची टायरचाही हाच हिशेब ६२० च्या आसपास जातो. कंपनीनेच दोन्हींची उंची जुळवून ठेवली आहे, आणि याचा फायदा पुढे घ्यायचा आहे.

रिमची मापं वेगळी. स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. टायरवाला याला ‘फोर हंड्रेड’ म्हणतो. मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. भारतातल्या पोलोला पाच बोल्ट, वर्तुळ १०० चंच पण भोक ५७.१, म्हणून मित्राच्या पोलोची रिम स्विफ्टला बसत नाही. याशिवाय रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ आणि एक आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट. तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं: बेअरिंगवर ताण वाढतो, स्टीअरिंग हातात ओढायला लागतं, मागे माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो. दुकानदार ‘बसतंय की’ म्हणेल. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. मूळ आकड्याच्या चार-पाच मिलिमीटर आतच राहा.

३. टायरचा साइझ ठरवा

१८५/६५ आर१५ वरून जायला तीन वाटा दिसतात. १९५/६० आर१५ घेतला तर व्यास साधारण ६१५, म्हणजे एक टक्का कमी. स्पीडोमीटरला पत्ता लागणार नाही, टायर दहा मिलिमीटर रुंद होतो आणि मूळची रिम सहसा चालते. फक्त तिची रुंदी किमान साडेपाच इंच आहे ना, ते पाहून घ्या. १९५/५५ आर१६ मध्ये व्यास जवळजवळ तोच, पण बाजू १०७ मिलिमीटर. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधलं तेरा मिलिमीटर रबर गेलं.

तिसरी वाट १९५/५५ आर१५, आणि ऑटोक्रॉसवाल्यांना मोह पडतो तो हिचाच. व्यास चार टक्क्यांनी घटतो, तेवढाच गिअर आखूड झाल्यासारखा वाटतो, वळणातून बाहेर पडताना गाडी चटकन उचलते. पण गाडी तेरा मिलिमीटर खाली बसते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, त्यातून उरले १५०. आपल्या सोसायट्यांतले गतिरोधक आठवा. वर स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी शहाण्णवच्या आसपास असेल आणि किलोमीटर उगाच जास्त मोजले जातील. रोजच्या गाडीला ही वाट मी सुचवणार नाही. मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांत राहा. आणि कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या मापांपैकीच एखादं निवडलं तर विम्याच्या दाव्याच्या वेळीही कुणी बोट दाखवणार नाही.

साइझच्या पुढे ‘८८ एच’ असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याखाली कधीही जाऊ नका. वेगाचं अक्षर वरचं घेतलं तर हरकत नाही. असे टायर बरेचदा बांध्यालाही जरा कडक असतात आणि शंकूंमध्ये ते कामी येतं.

४. रबर कोणतं?

अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या स्ट्रीट गटात टायरचं ट्रेडवेअर, म्हणजे रबर किती टिकेल ते सांगणारा बाजूवरचा आकडा, किमान २०० असावं लागतं. म्हणून तिकडच्या चर्चेत ‘टू हंड्रेड’चा जप चालतो. आकडा जेवढा कमी तेवढं रबर मऊ, पकड जास्त आणि आयुष्य कमी. पण हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३०० एकसारखे नसतात. आपल्याकडच्या कितीतरी टायरांवर तो छापलेलाच नसतो. शिवाय जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हा तसला खास टायर छोट्या साइझमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि मिळाला तरी घ्यावा का? त्या टायरची नक्षी उथळ असते, पाणी बाहेर फेकायला खाचा कमी. जुलैत एक्सप्रेस-वेवर पाणी साचलेलं असताना तो टायर तरंगायला लागला, की स्पर्धेतला अर्धा सेकंद आठवणारही नाही. म्हणून आपल्याला हवा तो ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा, बाजूंनी कडक, साधा परफॉर्मन्स रोड टायर. दुकानात अंगठ्याने बाजू दाबून पाहा. दोन टायरांमधला फरक हाताला कळतो. ‘लाँग लाइफ’, ‘मायलेज’ असं मिरवणारे टायर टाळा. ते लाखभर किलोमीटरच्या गप्पा मारतात आणि वळणात किंचाळतात.

उत्पादनाची तारीख जरूर बघा. बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना टायर पूर्ण किमतीत घेऊ नका. रबर गोदामातही कडक होतं. आणि चारही टायर एकाच जातीचे घ्या. पुढे दोन नवे भारी आणि मागे जुने गुळगुळीत, ही बचत ओल्या वळणावर गाडीची शेपूट फिरवते.

५. आता रिम

दुकानात जाताना सामान तोलायचा लटकता काटा घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या. अलॉय म्हणजे हलकं, हे नेहमीच खरं नसतं. मोठ्या व्यासाची स्वस्त अलॉय बरेचदा मूळ डिस्कपेक्षा, म्हणजे कंपनीच्या साध्या लोखंडी रिमपेक्षा, जड निघतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली लोंबतं आणि वर ते फिरवावंही लागतं, त्यामुळे तिथला एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा महाग पडतो. रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाचण्यांचे शिक्के आहेत का, तेही पाहा. भोक मोठं असलेली रिम घेतली तर हबला, म्हणजे रिमचं भोक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाला, बसणारी रिंग मागून घ्या, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देत बसाल. नटही रिमच्या बैठकीप्रमाणेच हवेत. स्विफ्टचे निमुळते, पोलोच्या मूळ बोल्टची बैठक गोल. अदलाबदल चालत नाही.

मातीवर उतरणार असाल तर माझा आवडता उपाय स्वस्तातला आहे. खालच्या मॉडेलच्या चार जुन्या १४ इंची डिस्क मिळवायच्या आणि त्यावर १६५/८० चे टायर चढवून गॅलरीत रचून ठेवायचे. व्यास सारखा, बाजू १३२ मिलिमीटर. डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. घेण्याआधी एक चाक बसवून ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, ते फिरवून बघा.

६. बसवल्यानंतर

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा निसरडे असतात, तेव्हा बसवले आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा, असं नको. हवेच्या बंदुकीने आवळलेले नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासा, आणि शंभर किलोमीटरनंतर आणखी एकदा.

डांबरावरच्या स्पर्धेच्या सकाळी दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवरची हवा मूळ धरून पुढच्या टायरांत चार-पाच पीएसआय जास्त भरा. बाजूवरची कमाल मर्यादा ओलांडू नका. टायरच्या खांद्यापासून बाजूपर्यंत खडूची रेघ मारा. फेरीनंतर बाजूवरचा खडूही पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. खांद्यावरचा खडू तसाच राहिला तर हवा जास्त झाली. प्रत्येक फेरीचे आकडे वहीत टिपा, कारण दुपारी डांबर तापलं की सकाळचं गणित बदलतं.

निघताना, टायर निवल्यावर, हवा पुन्हा स्टिकरवरच्या आकड्यावर आणा. पुढच्या टायरांची बाहेरची कड बोटाने चाचपून बघा, कारण पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीची झीज आधी तिथेच होते. ती कड बोचरी लागायला लागली की आठवड्याभरात पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्या.