निसर्गोपचाराचा आहार मुंबईच्या स्वयंपाकघरात कसा आणावा

निसर्गोपचाराचा आहार म्हटले की सकाळी बागेबाहेर फिरायला येणाऱ्यांना विकले जाणारे कारल्या-दुधीचे हिरवे रस बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या परंपरेचा भर रसांपेक्षा धान्याच्या कोंड्यावर, भाजीच्या सालीवर आणि पोटाला मिळणाऱ्या विश्रांतीवर अधिक होता. त्यामुळे मिक्सर बाहेर काढण्यापूर्वी तिचा इतिहास थोडक्यात पाहून घ्यावा.

एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशात व्हिन्सेंट प्रीसनिट्झ आणि सेबास्टियन क्नाइप यांनी जलोपचार लोकप्रिय केले. पुढे लाइपझिगच्या लुई कुने यांनी, सर्व रोगांचे मूळ शरीरात साचलेल्या विजातीय, म्हणजे शरीराला परक्या द्रव्यात असते, असा सिद्धांत मांडला आणि साध्या, बिनमसाल्याच्या शाकाहाराला उपचारात मानाचे स्थान दिले. झुरिकचे डॉक्टर बिर्चर-बेनर १९०० च्या सुमारास रुग्णांना किसलेले कच्चे सफरचंद आणि भिजवलेले ओट खायला देऊ लागले. आज डब्यात मिळणारी म्यूसली ती हीच. कच्च्या अन्नात सूर्यप्रकाशाची शक्ती साठवलेली असते, ही त्यांची उपपत्ती टिकली नाही, सफरचंद मात्र टिकले. कुने यांचे लेखन वाचून प्रभावित झालेल्या गांधीजींनी १८ नोव्हेंबर १९४५ रोजी पुण्यात निसर्गोपचारासाठी न्यास स्थापन केला आणि १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम सुरू केला.

भारतीय निसर्गोपचारात आहाराचे तीन प्रकार मानतात. लिंबूपाणी, शहाळे, ताक, भाज्यांचे सूप हा शोधक, म्हणजे शुद्धी करणारा आहार. फळे, कोशिंबिरी, उकडलेल्या भाज्या हा शामक, म्हणजे शांत करणारा. आणि कोंड्यासह धान्ये, थोड्या डाळी, मोड आलेली कडधान्ये, दही हा पोषक. ही विभागणी जेवण आखायला सोयीची आहे. मात्र अन्नाने रक्त आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी होते, हा त्याच्या जोडीने येणारा दावा स्वीकारता येत नाही, कारण रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात.

पहिली पायरी धान्याची, आणि माझ्या मते अर्धे काम इथेच होते. गहू चक्कीवर दळून आणल्यावर पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी पीठ जाड चाळणीने, किडे-खडे पाहण्यापुरते चाळावे आणि वर राहिलेला कोंडा पुन्हा त्यातच मिसळावा. कणीक जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली की पोळी चिवट होत नाही. पांढऱ्या तांदळाच्या जागी आठवड्यातून तीन दिवस हातसडीचा तांदूळ घ्यावा, तो तासभर भिजवावा आणि वाटीला अडीच-तीन वाट्या पाणी घालून शिजवावा. कोंड्यात तेल असल्यामुळे मुंबईच्या दमट हवेत हा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून दहा किलोंची गोणी न आणता दोन-दोन किलो आणावा. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिला की तो बरा होतो, हे जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांनी १८९० च्या दशकात दाखवले होते. कोंड्यातला तो गुण जीवनसत्त्वाचा, पण ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच १९१२ चा. निसर्गोपचारक कोंड्याचा आग्रह धरत होते, तेव्हा त्यांच्याकडे कारण नव्हते, पण आग्रह बरोबर होता.

दुसरी पायरी मोडांची. मटकी रात्रभर आठ-दहा तास भिजवून, पूर्ण निथळून सुती फडक्यात सैल बांधावी आणि दिवसातून दोनदा फडके ओले करून पिळावे. जुलैत माझी मटकी दोनदा वाया गेली, कारण पुरचुंडी मी झाकणाच्या डब्यात ठेवली होती. हात लावला तर दाणे बुळबुळीत, आणि डबा उघडताच आंबूस वास. अशी मटकी धुऊन वापरू नये, टाकूनच द्यावी. मोड दाण्याएवढे झाले की पाच-सात मिनिटे वाफवून खावी. कच्चेच खाण्याचा हट्ट नको, कारण मोडांच्या ओलाव्यात जंतूही वाढतात.

भाज्यांबाबत एकच सांगणे: ऋतूतली आणि जवळची घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडाशी आदिवासी बायका उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर शेवळे, टाकळा, फोडशी या रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांच्यासोबत विकायला असलेली काकडाची फळेही घ्यावीत आणि भाजीत घालावीत. शिजवायचे कसे, हे त्या बायकाच नीट सांगतात. दुधीचा रस प्यायचाच असेल तर आधी दुधीचा तुकडा चाखावा. तो कडू लागला तर त्यातील कुकुरबिटासिन हे द्रव्य जिवावर बेतू शकते, त्यामुळे असा दुधी पूर्ण फेकावा.

यानंतर विश्रांतीचा भाग. लोकलने रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्याला सूर्यास्तापूर्वी जेवा असे सांगण्यात अर्थ नाही. त्याने साडेसहाला ऑफिसातच डबा खावा आणि घरी आल्यावर सूप किंवा ताक घ्यावे. आठवड्यातून एक दिवस पपई, केळी, पेरू यांवर काढावा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहूनच कुणी म्हटले असावे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि त्यावर तूप-दाण्याचे कूट, म्हणजे पोटाला विश्रांती कसली? मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी असा दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्यातील पोटॅशियमपासूनही सावध राहावे.

राहिला दुधाचा प्रश्न. दूध न घेण्याचे व्रत घेतलेल्या गांधीजींना १९१८-१९ च्या आजारपणात कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचवले आणि त्यांनी ते मनाला टोचणी लागूनही घेतले. शाकाहारी माणसाने दूध-दही पूर्ण सोडले तर बी-१२ जीवनसत्त्व आहारातून जवळजवळ मिळत नाही, म्हणून तसे करणाऱ्याने आधी रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी.