ल्युसर्नचं सरोवर एका दिवसात: आधी बोट, मग डोंगर

स्वित्झर्लंडला गेलेले आपले बरेच लोक ल्युसर्नच्या आसपास मुक्काम करतात आणि टिटलिसला बर्फात खेळून पुढच्या गावी निघतात. सरोवर बसच्या काचेतून दिसतं तेवढंच. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एक अख्खा दिवस या सरोवराला द्या. रिगी डोंगर त्याच दिवसात होतो आणि वयस्कर माणसांनाही झेपतो. मी सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांना घेऊन गेले होते, त्या अनुभवावरून सांगते.

सकाळी उठल्या उठल्या रिगीचा वेबकॅम बघा. खाली धुकं आहे म्हणून बेत मोडू नका. थंडीच्या दिवसांत धुकं सरोवरावर दाटून बसतं आणि वर माथ्यावर लख्ख ऊन असतं. वेबकॅममध्येच सगळं पांढरं दिसत असेल तर मात्र डोंगर सोडून द्या. त्या दिवशी बोटीने थेट सरोवराच्या दुसऱ्या टोकाच्या फ्ल्युएलेनपर्यंत जा आणि परत ट्रेनने या. त्या टोकाला कडे सरळ पाण्यात उतरतात, ढगाळ हवेतही ते बघण्यासारखे आहेत.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोट, रिगीची ट्रेन आणि रोपवे, तिन्ही त्यात येतात. पिलाटुस आणि टिटलिस या डोंगरांना त्याच पासवर फक्त सवलत मिळते. चौघांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

ल्युसर्न स्टेशनबाहेर एक मोठी दगडी कमान एकटीच उभी आहे. १९७१ साली जुनं स्टेशन जळालं, त्यातली ही उरलेली. कमानीच्या पुढे, रस्ता ओलांडला की बोटींचा धक्का. फिट्सनाउची बोट पकडा, तासाभराचा प्रवास आहे. वेळ जुळत असेल तर वाफेवरचीच बोट घ्या. चाकाच्या अशा पाच जुन्या बोटी इथे अजून चालतात, मुख्यतः उन्हाळ्यात. त्यांतली सगळ्यात जुनी 'उरी', १९०१ सालची.

बोटीत शिरल्यावर लगेच जागा पकडायला धावू नका. आधी मधोमध जा. तिथे कठड्यावरून खाली इंजिन उघडं दिसतं. पोलादी दांडे पुढे-मागे सरकतात, जाडजूड आस गोल फिरतो, गरम तेलाचा वास येतो आणि इंजिनवाला हातात तेलाची बुधली घेऊन सांध्यासांध्यावरून फिरत असतो. माझ्या बाबांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. ते त्या कठड्यापाशी जे उभे राहिले, ते आईने दोनदा बोलावूनही हलले नाहीत. बाहेर आल्प्स होते, पण त्यांचा आल्प्स तिथेच होता. त्यांना तसंच राहू द्यावं, हे मला लगेच कळलं. तुमच्याबरोबरचं कोणी असं कुठे रमलं तर घाई करू नका. पुढची बोट असतेच.

फिट्सनाउला उतरलात की समोरच लाल ट्रेन उभी असते. चढताना डाव्या हाताला बसा, सरोवर त्या बाजूला राहतं. ही १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे. रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी असते, गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकत वर चढतं. निघण्याआधी वाकून बघा, मुलांनाही दाखवा.

अर्ध्या तासात कुल्म, म्हणजे वरचं शेवटचं स्टेशन. माथा १७९८ मीटरवर, म्हणजे सरोवरापासून साडेतेराशे मीटर वर. खालच्यापेक्षा हवा आठ-नऊ अंशांनी गार असते, जुलैतही स्वेटर घ्या. सगळे दक्षिणेची हिमशिखरं बघतात, तुम्ही पूर्वेकडेही बघा. समोरच्या रॉसबर्ग डोंगराची कूस खरवडल्यासारखी दिसते. १८०६ साली ती बाजू पावसाने सुटून कोसळली आणि खालचं गोल्डाउ गाव गाडलं गेलं. साडेचारशेहून जास्त माणसं गेली. माळीण पाहिलेल्या आपल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जेवण बरोबर न्या. आमच्याकडे दशम्या, लसणाची चटणी आणि खालच्या सुपरमार्केटमधलं दही होतं. वर रेस्टॉरंट आहे, पण महाग. बाकांवर बसून खायला कोणी हरकत घेत नाही, कचरा तेवढा परत पिशवीत.

परत त्याच वाटेने उतरू नका. गुडघे चांगले असतील तर कुल्मपासून मधल्या काल्टबाड स्टेशनपर्यंत चालत या. रुंद, उताराची वाट आहे, तासभर लागतो. नाहीतर ट्रेनने काल्टबाडला उतरा. तिथून रोपवे थेट वेगिसला येतो. एक गोष्ट आधी माहीत असू द्या: वेगिसचं रोपवे स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे, तिथून धक्क्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं उतार आहे. आईसाठी आम्ही मध्ये दोनदा थांबलो. बोटीची वेळ बघताना हे धरून चाला.

संध्याकाळी ल्युसर्नात लाकडी चॅपल ब्रिजवरून एक फेरी पुरे. छताखालच्या तिकोनी चित्रांतली पुष्कळशी १९९३ च्या आगीत गेली, त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. पाय चालत असतील तर सिंहाचं शिल्पही बघून घ्या.

वेगिसहून शेवटची बोट किती वाजता आहे ते सकाळीच मोबाइलमध्ये टिपून ठेवा, हंगामाप्रमाणे वेळा बदलतात. ती चुकलीच तर घाबरू नका. गावातून क्युस्नाख्टला बस जाते आणि तिथून ल्युसर्नची ट्रेन मिळते. पास दोन्हीकडे चालतो.