गणवेशावरून चित्र ओळखा: ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांची तैलचित्रं

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्याचं चित्र समोर असेल, तर सुरुवात खांद्यापासून करा. १८१० पासून एपॉलेटवरची (खांद्यावरच्या झालरदार पट्टीवरची) खूण वरचा हुद्दा सांगते: मेजरला तारा, लेफ्टनंट कर्नलला मुकुट, कर्नलला दोन्ही. साधारण १८३० च्या आधी कॅप्टन आणि त्याखालच्यांना बहुधा एकच एपॉलेट, तेही उजव्या खांद्यावर. पण माणूस तिरका उभा असेल तर दुसरा खांदा झाकला जातो, तेव्हा दिसतं तेवढंच आहे असं धरून चालू नका. १८५५ नंतर एपॉलेट गेलेच.

मग कॉलर आणि कफ. त्यांचा रंग रेजिमेंटचा. मात्र एकच रंग अनेक रेजिमेंटना असे, म्हणून जरतार सोनेरी की रुपेरी तेही पाहा आणि बटणावर आकडा दिसतो का ते भिंगाने शोधा. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. जुनं वॉर्निश पिवळं पडतं, मग निळा रंग हिरवट दिसतो आणि रुपेरी जरतार सोनेरी वाटते. आधी शर्टाची पांढरी कॉलर बघा. ती पिवळी दिसत असेल, तर बाकीचे रंगही तितकेच बदललेत असं समजा.

गळ्याखाली चंद्रकोरीच्या आकाराचा धातूचा पत्रा, म्हणजे गॉर्जेट, असेल तर गणवेश १८३० च्या आधीचा.

पदकं मात्र जपून वाचा. वॉटर्लूच्या लढाईचं (१८१५) पदक, किरमिजी फितीला निळे काठ, १८१६ मध्ये वाटलं गेलं. १७९३ ते १८१४ च्या लढायांचं मिलिटरी जनरल सर्व्हिस पदक मात्र १८४७ मध्ये मंजूर झालं. ते विशीतल्या तरुणाच्या छातीवर दिसलं, तर नंतर रंगवलेलं आहे. असं थोरामोठ्यांच्या चित्रांतही झालंय: स्पॅनिश चित्रकार गोयाने १८१२ मध्ये काढलेल्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या चित्रात मानचिन्हं मागाहून बदलली. तिरपा उजेड टाकून पदकाभोवतीचा रंग उंचवटलेला दिसतो का, ते तपासा.

पार्श्वभूमीतला धूर, तोफ, तंबू यांवर फार भिस्त ठेवू नका. ती चित्रकाराची ठरलेली सजावट असते. तलवार उजव्या कमरेला किंवा मानचिन्ह उजव्या छातीवर दिसलं, तर आरशासारख्या उलट्या उमटलेल्या छापील चित्रावरून केलेली नक्कल असण्याची शंका घ्या.

रेजिमेंट, हुद्दा आणि साधारण दशक हाती आलं की त्या वर्षांच्या आर्मी लिस्ट, म्हणजे सैन्याधिकाऱ्यांच्या छापील याद्या, काढा. त्यांत रेजिमेंटवार अधिकाऱ्यांची नावं असतात आणि हुद्दा मिळाल्याची तारीखही. तिथे जुळणारे दोन-चारच उरतात.