शांघायमध्ये नव्यानं आलात? पहिला महिना घरात काढू नका

सामान अजून खोक्यांत असेल. गॅसची शेगडी कशी पेटते, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, मुलांची शाळेची बस कुठे थांबते, यातच दिवस जात असेल. तरीही मनापासून सांगते, घर लावण्यात पहिला महिना घालवू नका. चौदा वर्षांत मी कितीतरी मराठी कुटुंबं आलेली आणि गेलेली पाहिली. सोसायटी, ऑफिस आणि भारतीय किराणा यांतच ती तीन-तीन वर्षं राहिली, आणि परत जाताना त्यांच्याकडे फक्त उंच मनोऱ्यांचे फोटो होते. मला त्याची फार हळहळ वाटते.

दोन कामं मात्र आधी उरका. हॉटेल सोडून भाड्याच्या घरात गेलात की २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. हॉटेलात हे काम तिथलेच लोक करतात, घरात ते आपल्यावर येतं. पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन जवळच्या चौकीत जा. मिळालेला कागद जपून ठेवा, पुढे निवास परवान्यासाठी तो लागतो. दुसरं काम फोनचं. अलीपे आणि वीचॅट चालू करून आपलं कार्ड त्यांना जोडा, कारण भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळे पैसे त्यावरच दिले जातात. इथल्या सिमवर गुगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई काळजी करत बसते. रस्ता शोधायला गाओद हे इथलं नकाशाचं ॲप घ्या.

आता बाहेर पडा. सुरुवात वायथानपासून करा, म्हणजे इंग्रज ज्याला बंड म्हणत तो नदीकाठ. मी पुण्याची. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बंड गार्डनच आठवलं, आणि ते नातं खरं निघालं. दोन्हीकडचा बंड म्हणजे आपला बांधच. हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजांबरोबर इथवर आला. या काठावर हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छपराची एक इमारत दिसेल. ती १९२९ सालची, व्हिक्टर ससूनची. हेच ते ससून घराणं, ज्याच्या नावाचं हॉस्पिटल पुण्यात आहे आणि गोदी मुंबईत. घराण्याचे मूळपुरुष डेव्हिड ससून पुण्यात लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात चिरविश्रांती घेताहेत. हा पैसा कापसाचा होता तसाच अफूचाही. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. अफूच्या युद्धात चीन हरला, १८४२ च्या तहानं शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि त्यातून हा देखणा काठ उभा राहिला. इथले शाळकरी पोरंही हा इतिहास शिकतात. म्हणून या इमारतींपुढे उभं राहाल तेव्हा नुसतं ‘काय सुंदर’ म्हणून पुढे जाऊ नका. आपल्या शहरांचाही त्यात वाटा आहे.

समोरच्या तीरावर पुडोंग. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, बाटली उघडायच्या चावीसारखा दिसणारा त्याचा शेजारी, गुलाबी गोळ्यांचा टीव्ही मनोरा, सगळं काही १९९० नंतरचं. त्याआधी तिकडे शेतं, गोदामं आणि कारखाने होते. जुने शांघायकर म्हणत, पुडोंगमध्ये खोली मिळण्यापेक्षा पुशीत एक खाट बरी. पुशी म्हणजे नदीच्या पश्चिमेचं जुनं शहर. पलीकडे जायला पर्यटकांची महागडी बोट घेऊ नका. नोकरदार आपल्या स्कूटर घेऊन ज्या फेरीनं जातात तिचं तिकीट २ युआन आहे. संध्याकाळी तिच्या कठड्याशी उभं राहून दोन्ही काठ पाहा. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवतात, तेव्हा वेळेत जा. १ ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आठवड्यात मात्र तिकडे फिरकू नका, लेकरू हातातून सुटेल इतकी गर्दी असते.

जुन्या गल्ल्यांतून पायी फिरा. खिडक्यांतून बांबू बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घातलेले दिसतील, दारात मटार सोलणाऱ्या बायका दिसतील. त्यांना ‘आयी’ म्हणा. चिनीत त्याचा अर्थ मावशी. आपल्या कानाला तो किती जवळचा लागतो! माझ्या खालच्या मजल्यावरच्या आयींनी मला भाषा शिकवली, बोटांवर सहा आणि दहा दाखवायला शिकवलं, आणि मी तापानं पडले होते तेव्हा गरम पाण्याचा थर्मास दारात आणून ठेवला. गरम पाणी हे इथलं घरगुती औषध. ते आणून दिलं तर नाही म्हणू नका.

शनिवार-रविवारी पीपल्स पार्कमध्ये जमिनीवर उघड्या छत्र्यांच्या रांगा असतात. प्रत्येक छत्रीवर एक कागद : जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. आईवडील आपल्या मुलामुलींची स्थळं शोधत असतात. आपल्या वधू-वर मेळाव्यांत बसलेल्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही. ती माणसं खरोखर काळजीत असतात, त्यांचे फोटो काढू नका.

शाकाहाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. ‘वो छ सू’, मी शाकाहारी आहे, हे तीन शब्द पाठ करा. नुसतं मांस नको म्हटलं तर फरसबीत डुकराचा खिमा येतो, कारण तो चवीपुरता समजला जातो. बौद्ध शाकाहारी खानावळी उत्तम आहेत. नानजिंग रस्त्यावरची गोंगदलिन १९२२ पासून चालू आहे. कडक बौद्ध जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे निर्धास्त जेवल्या. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेच्या आसपास, पंधराव्या दिवशी, अनेक श्रद्धाळू शाकाहार पाळतात. त्या दिवशी सकाळी जेड बुद्धाच्या मंदिरात जा, उदबत्त्यांच्या धुरात अख्खा मोहल्ला लोटलेला असतो. जेवताना काड्या भातात उभ्या खोचू नका. मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात.

आणि कुणी साठीपुढचे आजोबा कुठून आलात म्हणून विचारतील, तर ‘इंदू’, म्हणजे भारत, एवढंच म्हणून थांबू नका. ‘क दीहुआ’ म्हणा. हे आपल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ साली भारतातून आलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. जपानविरुद्धच्या युद्धात जखमी चिनी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच गेले. ते नाव ऐकून एका टॅक्सीवाल्या शीफूंनी (शीफू म्हणजे उस्ताद) माझ्याकडून पैसे घेतले नव्हते. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगला आहे, शांघायहून वेगवान रेल्वेनं एका दिवसात पोचता येतं. पासपोर्ट विसरू नका, त्याशिवाय गाडीत चढता येत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगला, पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवसांत, मी गेले होते. समाधीपुढे आधीच ताजी पांढरी शेवंती ठेवलेली होती.